आज काय येत नाही?

सिंगापूरची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता काचेच्या इमारती येणार, च्युइंगगमचा दंड येणार, एखादं मराठी पोरगं मॉलमध्ये हरवणार. त्यातलं काहीच नाही. बरं, गोष्ट एका बाईची आहे, आणि ती आपल्या मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायची, एवढं सांगितलं तर आता तुमच्या डोळ्यांसमोर दुसरंच चित्र आलं असणार. पिंजारलेले केस, खांद्यावर झोळी, शाळांच्या नावानं बोटं मोडणं. तसंही नाही. आमच्या काकू रोज तेल लावून वेणी घालायच्या, पिशवी सुपरमार्केटची प्लॅस्टिकचीच वापरायच्या, आणि शाळेबद्दल वाकडा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आणि शेवटी मुलगी कसलीतरी स्पर्धा जिंकून आईबापाचं नाव काढेल अशी वाट बघणार असाल, तर आत्ताच उठा. शेवटी बोलणी आहेत. ती मला बसली.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. करमाळ्यात शाळा, सोलापुरात इंजिनिअरिंग, आणि तिथून थेट आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत. राहायला क्वीन्सटाउनमध्ये, काकू-काकांच्या जुन्या सरकारी फ्लॅटमधली मागची खोली, भाड्यानं; नातं काही नाही, नुसती हाक. काका हिशेबतपासनीस, दोघंही तिथले नागरिक झालेले, आणि त्यांची एकुलती एक सई, आठ वर्षांची. सई माझ्याशी मराठीत सुरू करायची आणि वाक्य संपेपर्यंत भलतीकडंच पोचायची. "दादा, तू जेवलास का, कॅन आय हॅव युअर पापड, लाह." ते 'लाह' तिथलं, आपल्या 'ना'सारखं.

माझ्याकडं गुण एकच होता. नकला. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, तिथल्या मेट्रोत, एमआरटीत, दारं बंद होण्याआधी बोलणारी बाई, खालच्या कॉफीशॉपमधला ऑर्डर ओरडणारा अंकल, सगळे माझ्या गळ्यात मुक्कामाला होते. एकदा स्वयंपाकघरात मी सईसाठी काकूंची नक्कल करत होतो. कमरेवर हात, मान किंचित डावीकडं, "सई, तो चमचा कुठाय?" सई हसतहसत अचानक थांबली. मागं काकू उभ्या.

"परत कर," काकू म्हणाल्या.

मी मेलो. "काकू, तसं नाही, सहज आपलं..."

"अरे परत कर म्हणते ना. तुझा 'च' चुकलाय. माझा 'च' इतका पुढं येत नाही. आणि वाक्याच्या शेवटी तू आवाज वर नेलास. वर नेला की प्रश्न होतो. मी प्रश्न विचारत नव्हते, चमचा मागत होते."

काकू लग्नाआधी मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस उभा आहे की बसलाय ते ओळखायच्या. त्यांनी माझ्याकडून त्यांचीच नक्कल तीनदा करून घेतली. चौथ्यांदा म्हणाल्या, "हां, आता मी झाले," आणि चमचा घेऊन निघून गेल्या. तेव्हापासून मी या बाईला घाबरायला लागलो. घाबरायला म्हणजे, आपण डोंगर बघून गप्प होतो ना, तसं.

त्यांच्या घरात सकाळी पोह्यांच्या आधी एक प्रश्न यायचा. "आज काय येत नाही?"

तो सगळ्यांना असायचा. सईला, काकांना, आणि मी राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मलाही. प्रत्येकानं आपल्याला न येणारी एक गोष्ट सांगायची. काकू ती तपकिरी कव्हरच्या लांबट वहीत लिहायच्या. पुढं कधी ती जमली की त्या ओळीवर एक रेघ मारायची आणि बाजूला तारीख घालायची. सई सांगायची, "पाऊस पडायच्या आधी मुंग्यांना कसं कळतं ते मला येत नाही." मी पहिल्या दिवशी ऐटीत म्हणालो, "मला सगळं येतं." काकूंनी वहीत लिहिलं: 'करमाळा: न येणारं ओळखता येत नाही.' त्या मला करमाळा म्हणायच्या. "ए करमाळा, पोहे घे." दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं इस्त्री सांगितली.

काका एरवी "लोन", "पार्किंग" असलं काहीतरी सांगून सुटायचे. एक दिवस ते पोह्यांकडं बघत म्हणाले, "मला ऑफिसात नाही म्हणता येत नाही." काकूंनी ते लिहून घेतलं, अगदी सावकाश, आणि त्या दिवशी काकांच्या पोह्यांवर खोबरं जास्त पडलं.

मी एकदा विचारलं, "काकू, शाळेत काय येतं ते तपासतात. तुम्ही उलटं का?"

"येतं ते येतंच आहे की. त्याला परत परत बघून काय करू?"

शिकवायच्या पद्धतींचं म्हणाल तर काकूंनी लायब्ररीतून त्या विषयावरचं असेल नसेल ते आणून वाचलं होतं. कुणी म्हणतं पुस्तकंच पुस्तकं, कुणी म्हणतं पुस्तक अजिबात नको, कुणी म्हणतं वेळापत्रक शाळेसारखंच ठेवा, कुणी म्हणतं पोराच्या मागं मागं चाला. काकू ते सगळं वाचायच्या आणि मग स्वतःचं काढायच्या. एका महिन्यात बसची पद्धत होती. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायची, पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि वाटेत दिसेल तो विषय. टॅम्पिनीसपर्यंत जाऊन यायच्या आणि सईला येताना मशिदी, ड्रेनेज आणि कॅनडाची राजधानी एवढं सगळं आलेलं असायचं. कॅनडा कुठून आला ते मला आजही कळलेलं नाही. एकदा गप्प पद्धत होती. आठवडाभर काकूंनी शिकवताना तोंड उघडायचं नाही, सईनं विचारलं तर फक्त पुस्तकाकडं, नकाशाकडं नाहीतर खिडकीकडं बोट दाखवायचं. मी ऑफिसातून आलो की दोघी जमिनीवर बसलेल्या, घरात चिडीचूप, आणि सई हातवारे करून आईला ज्वालामुखी समजावतेय. मी दारात चपला हातात घेऊन उभा राहायचो. आत जायला कसंतरीच वाटायचं.

एक पद्धत चालली नाही की काकूंना राग यायचा नाही. "ही हिला बसली नाही," म्हणायच्या, जसा ब्लाउज बसला नाही म्हणावं तसं, आणि उसवायला घ्यायच्या.

एकदा सई म्हणाली, "आई, मला युनिफॉर्म पाहिजे." खालच्या ब्लॉकमधल्या मुली रोज घालून जायच्या ना. मी असतो तर हसलो असतो. काकूंनी माप घेतलं. निळा बिनबाह्यांचा पिनाफोर, पांढरा शर्ट, छातीवर बिल्ल्याच्या जागी एक छोटं सीताफळ भरलेलं, कारण सईच्या शाळेचं चिन्ह सईनंच ठरवायचं होतं. सई तीन दिवस त्या पिनाफोरमध्ये हॉलमध्ये बसून शिकली. मधली सुट्टीसुद्धा घेतली, एकटीनं, पायऱ्यांवर बसून. चौथ्या दिवशी म्हणाली, "टू हॉट, लाह." काकूंनी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला. "राहू दे. तिला शाळेत जायचं असेल त्या दिवशी जाईल. तो पर्याय मी बंद केलेला नाही." दरवर्षी डिसेंबरात ते तिघं मत टाकायचे, खरोखर चिठ्ठ्या, वाटीत: पुढच्या वर्षी घर की शाळा. काकांची चिठ्ठी दरवर्षी 'शाळा' असायची, हे काकांनीच मला सांगितलं. दोन विरुद्ध एक. पण ते ती न चुकता टाकायचे आणि काकू ती मोठ्यानं वाचायच्या.

गणपतीत मंडळाच्या बायका काकूंना गाठायच्याच. बँकांमध्ये मोठ्या हुद्द्यावरच्या, कडक साड्यांमधल्या. त्यातल्या एक जरा जास्तच गोड. "अगं पण का? इथल्या शाळा जगात भारी. तुला कमी काय पडलं?"

काकू मोदकाची पाकळी तपासत म्हणाल्या, "तू खाली हॉकर सेंटरला काय घेतेस?"

"मी? लक्सा."

"मी थोसई घेते, आपला डोसाच. हा करमाळा चिकन राइस घेतो, दोनदा. चाळीस दुकानं आहेत. कधी मी तुला विचारलं, लक्साच का गं?"

"पण ते जेवण झालं!"

"तेच म्हणते. एका वेळच्या जेवणाला चाळीस दुकानं, आणि पोरीच्या आख्ख्या लहानपणाला एकच खिडकी? तुझ्या पोरांना शाळा बसली, छान बसली, मला कौतुक आहे. माझीला काय बसतंय ते मी बघतेय अजून."

मी त्या बाईंची पुढची दोन मिनिटं इतकी हुबेहूब करून दाखवायचो की काका चष्मा काढून डोळे पुसायचे.

पण हे 'बघतेय अजून' सरकारलाही पटायला लागायचं. नुकताच तिथं कायदा आला होता, नागरिकाच्या मुलानं प्राथमिक शाळेत गेलंच पाहिजे. घरी शिकवायचं असेल तर अर्ज करा, काय शिकवणार, कसं शिकवणार ते लिहून द्या, मग सूट मिळेल. आणि वर्षातून एकदा ऑफिसर घरी येऊन मुलगी काय शिकली ते बघणार. बघून समाधान नाही झालं, तर सूट जाईल आणि वाटीतल्या चिठ्ठ्यांना कुणी विचारणार नाही. काकूंना हे गैर वाटत नव्हतं. "लेकरू आहे, कुणीतरी विचारायला पाहिजेच," म्हणायच्या. पण त्या भेटीच्या आधीचा महिना त्या वेणी जरा घट्ट घालायच्या.

त्या वर्षी गणितासाठी फरशीची पद्धत चालू होती. पाठांतर बंद. काकूंचं म्हणणं, पाढा सईनं स्वतः शोधायचा. सहा नवे किती? तर खडू घ्यायचा, हॉलच्या फरश्यांवर सहा बाय नऊचा चौकोन आखायचा आणि मोजायचं. सई मोजायची. पोटावर पालथी पडून, जीभ बाहेर काढून. एकदा ओरडत आली, "दादा! सिक्स नाइन अँड नाइन सिक्स सेम, यू ओन्ली टर्न युअर हेड!" उत्तर बरोबर यायचं. पण वेळ किती लागायचा! तेवढ्यात आमच्या गुरुजींनी एकोणतीसचा पाढा म्हणवून घेऊन दोघांना छडी मारली असती.

भेटीला तीन आठवडे राहिले आणि माझी झोप उडाली. पोरगी बुडणार. ऑफिसरबाई विचारणार सात आठे किती आणि ही खडू शोधत फिरणार. काकूंना सांगायची माझी छाती नव्हती. शनिवारी सकाळी काकू भाजी-मासळीला मार्केटात जायच्या, काका झोपलेले. मी सईला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बसवलं आणि आमचे गुरुजी बाहेर काढले.

गुरुजी म्हणजे नाकातून आवाज, प्रत्येक ओळीनंतर मांडीवर थाप. "हंऽऽ, सहा एके सहाऽ! सहा दुणे बाराऽ!" सई खिदळली. तिला ते नाटकच वाटलं. दुसऱ्या मिनिटाला माझ्याहून जोरात म्हणायला लागली. पुढं रोज संध्याकाळी काकू आंघोळीला गेल्या की दहा मिनिटं, दबक्या आवाजात, पण मांडीवर थाप शाबूत. तीन आठवड्यांत पोरगी दहापर्यंत पाढे म्हणायला लागली, गुरुजींच्या नाकातून. आणि मी तिला सांगून ठेवलं होतं, "आईला सांगायचं नाही हं. सरप्राइज." सकाळी वही निघाली की सई माझ्याकडं बघून ओठ दाबायची, आणि मुंग्यांचं नाहीतर ढगांचं काहीतरी सांगायची. मला वाटायचं, वा रे मी.

भेटीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. "घरात थांब," काकूच म्हणाल्या होत्या. "तूही इथं राहतोस. त्या बाईंनी काही विचारलं तर जे खरं ते सांग." मी माझ्या खोलीत, दार अर्धं उघडं ठेवून.

ऑफिसरबाई चिनी, पन्नाशीच्या, बारीक. दारात सँडल नीट जोडून ठेवल्या, चहाला नको म्हणाल्या आणि पाणी मागून घेतलं. दोन तास त्यांनी सगळं बघितलं. सईनं इंग्रजी वाचून दाखवलं, ड्रेनेजचा नकाशा दाखवला, ज्वालामुखी हातवाऱ्यांनी केला. बाई हसल्या. माझा जीव भांड्यात पडायला लागला. मग त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. दहा गुणाकार.

सईनं पेन्सिल घेतली, डाव्या हातानं मांडीवर एक बारीकशी थाप मारली, आणि सुटली. ओठ हलतायत, पेन्सिल पळतेय. मिनिटभरात कागद परत. मी खोलीत मूठ आवळली. जिंकलो, गुरुजी!

बाईंनी कागद बघितला. परत बघितला. मग काकूंपुढं ठेवला. मला दारातून दिसत होतं. सहा नवे: पंचेचाळीस. सात आठे: पासष्ट. आठ चोक: तेवीस. पाचा पाचा: बावन्न. दहातली सात चूक.

"मागच्या वर्षी ही हळू होती," बाई इंग्रजीत म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता. "पण बरोबर होती."

काका खुर्चीत पुढं सरकले. काहीतरी सांगणार होते, आजारी होती, घाबरली, असलं. काकूंनी नुसतं एक बोट वर केलं. काका मागं टेकले. काकूंनी त्या कागदावरून नजर फिरवली, आणि मग एक क्षणच, माझ्या दाराकडं बघितलं. मिरजेच्या एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाईला तीन आठवडे बाथरूमच्या दाराआडून काहीच ऐकू आलं नसेल, असं मी का समजलो होतो, देव जाणे. कदाचित नळाच्या आवाजात तिला शब्द कळले नसतील. त्या क्षणाला कळले.

मला वाटलं आता त्या सांगतील. आमच्या भाडेकरूनं घोळ घातला, मॅडम, तिची चूक नाही. सांगितलं असतं तर खरंच होतं. सगळा दोष माझ्यावर टाकून त्यांनी सूट वाचवली असती.

काकूंनी तपकिरी वही ओढली, पेन उघडलं आणि सईकडं वळून, रोज पोह्यांच्या आधी विचारतात त्याच आवाजात विचारलं, "सई, आज काय येत नाही?"

पंखा फिरत होता. सई कागदाकडं बघत बसली. बाई घड्याळाकडं बघतील म्हणून मी त्यांच्या मनगटाकडं बघत होतो. त्यांनी बघितलं नाही. किती वेळ गेला काय माहीत. मी असतो तर मध्येच उत्तर सांगून मोकळा झालो असतो. सरकार समोर बसलंय, मुलगी हातची जायची वेळ आली आहे, आणि ही बाई पेन उघडं धरून वाट बघतेय. असं वाट बघणं मी त्याआधी कुणाचं बघितलं नव्हतं.

"हा बरोबर कसा आला?" सई स्वतःशीच म्हणाली. तिचं बोट सात सातेवर होतं. एकोणपन्नास. तो बरोबर होता. मग पाच आठे चाळीस, तोही. मग परत चुकलेल्यांकडं. तिचे ओठ हलले. "चो-पन्न. चो... पन्न." आणि एकदम ताठ बसली. "आई! मला चोपन्न लिहिता येत नाही!"

काकूंनी लिहून घेतलं. मग इंग्रजीत म्हणाल्या, "मॅडमना समजावून सांग."

सई बाईंच्या खुर्चीजवळ गेली. "आंटी, इन मराठी हां, द फोर कम आउट फर्स्ट. चो इज फोर, पन्न इज फिफ्टी. सो आय हिअर फोर, आय राइट फोर. देन फाइव्ह. ऑल अपसाइड डाउन, लाह! बट फॉर्टीनाइन इज एकोणपन्नास, वन लेस दॅन फिफ्टी. दॅट वन कॅनॉट जस्ट हिअर. मस्ट थिंक." आणि मग बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून, "आंटी, युअर चायनीज हाऊ?"

बाईंनी जरा विचार केला. "वू शी स्स. फाइव्ह, टेन, फोर."

"वाऽ, सो ऑनेस्ट!" सई म्हणाली.

बाई हसल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. सई मात्र थांबली नाही. "वेट, आंटी," म्हणून दाराबाहेर पळाली, शेजारच्या मलय आजींकडं. कॉरिडॉरमधून तिचा आवाज येत होता, "मकचिक, मकचिक, फिफ्टीफोर हाऊ टु से?" धापा टाकत परत आली, "लिमा पुलुह अंपात! फाइव्ह टेन फोर ऑल्सो! ओन्ली अवर्स स्टार्ट फ्रॉम द बॅक!" मग कुणी न सांगता तिनं कागद ओढला, सात उत्तरं खोडली आणि परत लिहिली. या वेळी प्रत्येक आकड्यापाशी थांबत. दहाच्या दहा.

ऑफिसरबाईंनी वही बघायला मागितली. 'येत नाही'ची. पानं उलटत राहिल्या. मराठी वाचता येत नव्हतं, पण रेघा आणि तारखा कळत होत्या. "या ओळी कुणाच्या?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "सगळ्यांच्या. ही माझी." बाईंनी फाइलमध्ये बराच वेळ काहीतरी लिहिलं. निर्णय पत्रानं कळेल, म्हणाल्या. सँडल घालताना त्या दारात जरा रेंगाळल्या आणि पुटपुटल्या, "चो-पन्न," आणि लिफ्टकडं गेल्या.

पत्र यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणजे बोलत होत्या, "पोहे घे," "टॉवेल वाळलाय," सगळं. त्याबद्दल एक शब्द नाही. चहासुद्धा नेहमीसारखा आल्याचा. मी खोलीत बसून त्यांच्या बोलण्याची तालीम करायचो, त्यांच्याच आवाजात, 'च' बरोबर, वाक्य खाली नेऊन. सगळी उत्तरं तयार ठेवली होती. एकही उपयोगाला आलं नाही.

पत्र शुक्रवारी आलं. आणखी एका वर्षाची सूट, पुढच्या खेपेला गणिताचं काम जरा सविस्तर दाखवावं अशी ओळ. काकांनी ते दोनदा वाचलं आणि सईला खांद्यावर घेतलं, ती आता खांद्यावर मावत नव्हती तरी. काकू माझ्या खोलीच्या दारात आल्या.

"बस," म्हणाल्या. मी बसलेलोच होतो. अजून बसलो.

"वाईट निकाल लागला असता तर मी काही बोलले नसते. तुझं तुला आयुष्यभर पुरलं असतं. चांगला लागलाय, म्हणून बोलते."

"काकू, मला वाटलं पाढे आले तर..."

"पाढे चांगलेच असतात. मी मिरजेला तेच म्हटले, तीसपर्यंत. तुला वाटलं पोरगी बुडतेय, तर माझ्याशी भांडायचंस. इथं, या दारात. मी तुला 'गप बस' म्हटलं असतं, तू परत भांडायचंस. कदाचित मी ऐकलं असतं, पाढे फरशीवर आणले असते. तीही एक पद्धत झाली असती. मी इतकी माणसं, इतकी पुस्तकं ऐकते, तुझं ऐकलं नसतं? पण तू ठरवलंस. आमच्या घरात तिच्या बापाची चिठ्ठी मी दरवर्षी मोठ्यानं वाचते, मला न पटणारी. आणि तू वाटीत हात न घालताच मत टाकून गेलास."

"चुकलं, काकू."

"ते नाही चुकलं. ऐक आधी. आकडे उलटे आले, ते तिनं सरळ केले, बाईंसमोर केले. ते सोड. माझी पोर आठ वर्षांची आहे. आठ वर्षांत तिनं माझ्यापासून एक गोष्ट लपवली नव्हती. कशी लपवायची ते तिला माहीतच नव्हतं. तीन आठवडे रोज सकाळी ती पोह्यांवर माझ्या तोंडावर खोटं बोलत होती, कारण दादानं सांगितलंय. पाढ्यांना तुला तीन आठवडे लागले. हे लपवणं तिला एकदा सांगून आलं."

मला गुरुजी आठवले नाहीत, एमआरटीतली बाई आठवली नाही, कुणीच मदतीला आलं नाही.

"आता उठ," काकू म्हणाल्या. "सई हॉलमध्ये आहे. जा आणि तिला सांग, आईला सांगायचं असतं. कसं सांगायचं ते तुझं तू बघ. पण माझ्यादेखत सांग. आणि ती 'का' म्हणाली, तर उत्तर देऊनच खोलीत ये."